न दिसणाऱ्या मालाचा हिशेब
गळाच्या तळ्यातील मासे आणि त्यांचे भक्षक

कर्जत-पनवेलच्या बाजूला काही जमीनमालकांनी तळी खोदून गळाने मासे धरण्याचा शौक असणाऱ्यांना ती खुली केली आहेत. कुठे सभासदांचा क्लब असतो, कुठे दिवसाचे पैसे भरून गळ टाकून बसता येते. आम्ही धंद्याने कापडाचे व्यापारी, पण पाच-सहा मित्रांबरोबर अशा एका तळ्यात आमची भागीदारी आहे. त्यामुळे या धंद्यात पैसा घालू पाहणारे बंधू आमच्याकडे चौकशीला येतात. ज्यांनी आधीच पैसा घातला आहे त्यांची तक्रार बहुधा एकच असते. पाणकावळे सगळे मासे खाऊन टाकतात, आता काय करावे? आम्ही त्यांना उलट विचारतो, मासे मुळात होते किती? येथे बहुतेकांची बोलती बंद होते.

कापडाच्या दुकानात ताग्यांची मोजणी एका दिवसात होते. दहा तागे कमी भरले तर वही उघडून विचारता येते. तळ्यातला माल पाण्याखाली असतो. जितके बीज टाकले तितके मासे आहेत असे धरून माणूस वर्षभर निश्चिंत राहतो आणि गळाला काही लागेनासे झाले की आकाशाकडे पाहतो. तिथे पक्षी दिसतोच, म्हणून गुन्हेगारही तोच ठरतो. मग कोणी छऱ्याची बंदूक आणण्याचे म्हणतो, कोणी काठाला विषारी मासे टाकण्याचे. हे दोन्ही मार्ग तुरुंगाकडे जाणारे आहेत. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

पहिली गोष्ट बीज घेण्याची. बाजारात माशाचे बीज तीन मापांत मिळते. मत्स्यजिरे म्हणजे अंड्यातून नुकतेच निघालेले, जिऱ्याएवढे पिल्लू. मत्स्यबीज म्हणजे साधारण इंचभर. बोटुकली म्हणजे बोटाएवढी. जिरे लाखाच्या हिशेबाने मिळते आणि फार स्वस्त वाटते. परंतु उघड्या तळ्यात त्याला पाणकिडे, चतुराच्या अळ्या, बेडूक, लहान मासे असे सर्वच खातात. स्वस्त सूत घेऊन मागावर धागा तुटत राहिला तर तो माल स्वस्त पडला असे कोणताही विणकर म्हणणार नाही. गळाच्या तळ्यात चार इंचांपेक्षा लहान बोटुकली टाकूच नये. त्याहून उत्तम म्हणजे बाजूला लहानसे संगोपन तळे करून, त्यावर जाळे ताणून, बोटुकली शंभर-दोनशे ग्रॅमची होईपर्यंत तिथे ठेवावी आणि मग मोठ्या तळ्यात सोडावी. छोट्या पाणकावळ्याचा घसा केवढा असतो हे पाहिले म्हणजे याचे कारण कळते. पाव किलोचा रोहू त्याच्या घशातून उतरत नाही. भक्षकाचा निम्मा बंदोबस्त असा बीजाच्या मापातच होऊन जातो आणि त्यासाठी एक दगडही मारावा लागत नाही.

किती टाकावे हा दुसरा प्रश्न. मिश्र मत्स्यशेतीत हेक्टरी ५,००० बोटुकली हे सर्वसाधारण प्रमाण मानतात, म्हणजे एकरी सुमारे २,०००. गळाच्या तळ्याला आमच्या मते त्याच्या निम्मे पुरे. तळे वजन पेलते, संख्या नाही. तेच खाद्य आणि तोच प्राणवायू दुप्पट माशांत वाटला तर मासा अर्धा राहतो, आणि गळ टाकणाऱ्याला अर्धा मासा नको असतो. कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. गळासाठी रोहू आणि मृगळ अधिक ठेवावेत. चंदेरा गळाला सहसा लागत नाही आणि कटल्याच्या खाद्यात मात्र वाटा घेतो, म्हणून क्लबच्या तळ्यात तो आम्ही टाकत नाही. शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा समभाग मिळून, माशांच्या एकूण वजनाच्या दोन-तीन टक्के रोज दिला तर वर्षात मासा पाऊण ते एक किलोपर्यंत येतो. आता हे दोन-तीन टक्के काढायलाही तळ्यात किती वजन आहे ते ठाऊक पाहिजे, म्हणजे गाडी पुन्हा मोजणीवरच येते.

मोजणीची एक सोपी रीत आहे. पीटरसन नावाच्या डेन्मार्कच्या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माशांवर खुणा करून काम केले, त्याच्या नावाने ती ओळखली जाते. जाळे ओढून शंभर-सव्वाशे मासे धरावेत, एका परावर कात्रीने लहानशी खूण करून त्यांना परत सोडावे. ताग्यावर छाप मारावा तसेच हे आहे. आठवडाभर त्यांना इतरांत मिसळू द्यावे आणि पुन्हा जाळे ओढावे. समजा पहिल्या वेळी १२० माशांना खूण केली. दुसऱ्या वेळी १५० मासे आले आणि त्यांत ३० खुणेचे निघाले, म्हणजे पाचातला एक. तर १२० हा एकूण माशांचा पाचवा हिस्सा झाला आणि तळ्यात सुमारे ६०० मासे आहेत. काम सकाळच्या थंड वेळी करावे, हात ओले ठेवावेत, जखमी मासा मोजणीत धरू नये. गळाने धरून ही मोजणी करू नये, कारण एकदा टोचलेला मासा गळापासून लांब राहतो आणि आकडा फुगतो.

आता वही उघडा. बीज टाकले १,०००, सभासदांनी नेल्याची नोंद २५०, शिल्लक ६००. म्हणजे १५० माशांचा जाब विचारायचा आहे. सर्व मासे पाणकावळ्याने खाल्ले असे म्हणणे आणि १५० मासे कुठे गेले असे विचारणे यांत मोठा फरक आहे. पहिल्यात निव्वळ त्रागा आहे. दुसऱ्याला उत्तर सापडते.

उत्तर काठावर शोधावे. पाणकावळा मासा सबंध गिळतो, मागे काही ठेवत नाही, मात्र निसटलेल्या माशाच्या दोन्ही कुशींवर चोचीचे ओरखडे दिसतात. बगळा भाल्यासारखा टोचतो, त्यामुळे पाठीवर भोक असते. पाणमांजर मासा काठावर आणून खाते, डोके किंवा काटे टाकून जाते, आणि उंच दगडावर तिची खवले-काटे मिसळलेली विष्ठा सापडते. यांपैकी काहीच नसेल आणि काठाच्या झुडपात जाळ्याचे तुटलेले धागे अडकले असतील, तर तो भक्षक दोन पायांचा आहे. तळ्याच्या एका कोपऱ्यात काटेरी फांद्या दगड बांधून बुडवून ठेवल्या तर चोराचे जाळे फाटते आणि पक्ष्यापासून लपायला माशाला घरही मिळते. सबंध तळ्यात मात्र त्या टाकू नयेत, नाहीतर मोजणीच्या दिवशी आपलेच जाळे फाटेल.

कधी मासे आपोआप मरतात आणि बोल पक्ष्यावर जातो. ढगाळ, वारा पडलेल्या दिवसांत पहाटे पाण्यातील प्राणवायू सर्वांत कमी असतो. त्या वेळी मासे वर येऊन तोंडे वासत असतील तर खाद्य बंद करावे आणि पंपाने पाणी उडवावे. असा मरून तरंगलेला मासा हनफी मंडळी खात नाहीत. शाफई मसलकात, म्हणजे आपल्या बहुतेक कोकणी बांधवांत, तो खाण्यास मनाई नाही. विकण्यासाठी मात्र तो कोणीच ठेवू नये. तो पुरून टाकावा, आणि पुरण्याआधी वहीत मोजावा.

पाण्याच्या आतले भक्षक वेगळे. मरळ, शिंगाळा, वाम हे पावसात नाल्याच्या पाण्याबरोबर चढून येतात. मरळ तर हवेत श्वास घेऊ शकतो, ओल्या जमिनीवरून सरपटत येतो. म्हणून पाण्याच्या तोंडाशी बारीक जाळी पाहिजे. बीज टाकण्यापूर्वी, मे महिन्यात पाणी खाली गेलेले असताना, मोहाची पेंड घालून तळे साफ करतात. प्रमाण एक मीटर खोल पाण्याला हेक्टरी २,५०० किलो, एकराला सुमारे १,००० किलो. सगळे मासे काही तासांत वर येतात, तिचा विषारी अंश दोन-तीन आठवड्यांत जातो, नंतर तीच पेंड खताचे काम करते. कीटकनाशक कोणी स्वस्तात सुचवले तरी ते तळ्यात घालू नये, तो मासा आपल्याच लेकरांच्या ताटात जाणार आहे. आफ्रिकन मागूर चुकूनही आणू नये. तो हावरा आहे, इतर मासे फस्त करतो. केंद्र शासनाने २००० साली त्याच्या पालनावर बंदी घातली आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानेही ते बंद करण्याविषयी आदेश दिले.

मरळ मात्र सर्वस्वी शत्रू नव्हे. त्याला भाव चांगला, आणि गळावर तो जी झुंज देतो तिच्यासाठी शौकीन लांबून येतात. ज्या तळ्यात चिलापी शिरला आहे तिथे तर थोडे मरळ हवेतच. चिलापी इतकी पिल्ले काढतो की थोड्याच काळात तळे बोटभर माशांनी भरते आणि मोठा कोणीच होत नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यातील ऑबर्न येथे होमर स्विंगल यांनी शेततळ्यांवर अनेक वर्षे हेच दाखवले. ब्लूगिल हा लहान मासा आणि त्याला खाणारा बास हा मासा एकत्र ठेवला तर दोघेही वाढतात. बास काढून टाकला तर ब्लूगिल संख्येने वाढतो आणि मापाने खुंटतो. त्यांचा १९५० सालचा अहवाल तळ्याच्या या समतोलावरच आहे. आमची रीत अशी की रोहू-मृगळ अर्धा किलोचे झाल्यावरच मरळाची पिल्ले सोडावीत, तीही मोजून.

पक्षी आणि पाणमांजर यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्यांना मारणे, विष घालणे, सापळ्यात धरणे हा गुन्हा आहे. मगरीचेही तेच. पवई तलावावर गळ टाकणाऱ्यांची जुनी संस्था आहे आणि त्याच तलावात मगरीही आहेत. विलायतेतील क्लबांची हीच रड आहे. तेथे १९८१ च्या कायद्याने पाणकावळ्याला संरक्षण आहे, परवान्याशिवाय गोळी घालता येत नाही. डिल्ड्रिनसारख्या कीटकनाशकांमुळे तेथील पाणमांजरे जवळजवळ नाहीशी झाली होती. ती औषधे बंद झाल्यावर ती परत आली आणि २०११ मध्ये इंग्लंडच्या प्रत्येक परगण्यात आढळली. क्लबांचे वर्षानुवर्षे पोसलेले मोठे कार्प त्यांनी खाल्ले. शेवटी क्लबांनी पैसे काढून कुंपणे घातली. आपल्याकडेही तोच उपाय आहे. चार-साडेचार फुटांची जाळी, तिची खालची कड जमिनीत पुरून बाहेरच्या बाजूला वळवलेली. बगळ्यासाठी काठ उतरता न ठेवता एकदम दोन-अडीच फूट खोल करावा, त्याला उभे राहायला जागाच नको. बुजगावणे दोन-चार दिवस चालते, पुढे पक्षी त्याच्याच डोक्यावर बसतो.

राहिला सभासद. दिवसाचे पैसे भरून हवे तेवढे मासे न्या, अशी सवलत काही ठिकाणी असते. पाणकावळ्याचे पोट भरते, अशा गिऱ्हाइकाची पिशवी भरत नाही. शिवाय पाण्यात असलेला, न पकडलेला मासा विकणे फुकहांनी नाजायज ठरवले आहे, कारण किती आणि काय हाती येईल हे दोघांनाही ठाऊक नसते. बारीक मसला आपापल्या आलिमांना विचारावा. आमच्या तळ्यावर बसण्याच्या जागेचे भाडे वेगळे घेतले जाते आणि धरलेला मासा काट्यावर घालून किलोच्या भावाने दिला जातो. अर्ध्या किलोच्या आतला मासा परत पाण्यात जातो. काट्याशेजारी वही दोरीने बांधलेली आहे. तीत तारीख, सभासद क्रमांक, माशाची जात, वजन आणि परावर खूण आहे की नाही, असे पाच रकाने आहेत, आणि ते भरल्याशिवाय रखवालदार फाटक उघडत नाही.