बिरवाडीच्या दवाखान्यातले शोधनिबंध

माण-आटपाडीच्या बाजूला बांधाचे दगड हलवताना, गोवऱ्यांचा ढीग उपसताना विंचवाची धास्ती असतेच. मोठी काळी इंगळी दिसली की माणसं जास्त घाबरतात, पण जिवावर बेततो तो बहुधा बारका तांबडा विंचू. या तांबड्या विंचवाच्या दंशावर जगभरात जे लिहिलं गेलं, त्यात एका मराठी डॉक्टरचं नाव पुन्हा पुन्हा येतं: डॉ. हिंमतराव बावस्कर.

जालना जिल्ह्यातल्या देहेडचे बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचू चावलेली धडधाकट माणसं आणि पोरं डोळ्यांदेखत दगावत होती. दंशानंतर फुफ्फुसात पाणी भरतं हे डॉ. मुंडले यांनी १९६१ मध्येच ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये नोंदवलं होतं, उपाय मात्र हाती नव्हता. मॉर्फिन, स्टेरॉइड, अँटिहिस्टामिन असं जे सुचेल ते दिलं जाई.

बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून पाहिलं. आधी उलटी, दरदरून घाम, मग हातपाय गार. रक्तदाब चढतो, हृदय थकतं, धाप लागते आणि शेवटी तोंडातून गुलाबी फेस येतो. यातली सुरुवातीची लक्षणं पुढच्या धोक्याची सूचना देतात, हे सांगणारा त्यांचा निबंध १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. लेखक एकटेच. त्यामागे मोठी प्रयोगशाळा नव्हती, होत्या त्या बारकाईने ठेवलेल्या नोंदी.

पुढचा टप्पा १९८६ चा, पुन्हा ‘लॅन्सेट’मध्येच, आणि या वेळी पत्नी डॉ. प्रमोदिनी सहलेखिका. विषामुळे शरीरात अॅड्रेनालिनच्या जातीच्या रसायनांचा लोंढा सुटतो आणि रक्तवाहिन्या आवळतात. ती आवळण सोडवणारी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी त्यांनी वापरली. त्यांनीच दिलेल्या आकड्यांनुसार १९६१ ते १९८३ या काळात गंभीर रुग्णांपैकी २५ ते ३० टक्के दगावत. प्राझोसिन आल्यावर ते प्रमाण एक टक्क्याच्या आसपास उतरलं.

आजकाल संशोधकाची किंमत एच-इंडेक्सवर ठरते. दहा निबंधांना प्रत्येकी किमान दहा संदर्भ मिळाले की इंडेक्स दहा. हिशोब सोपा आहे, पण कर्करोगावर लिहिणारे हजारो आणि विंचवावर लिहिणारे मूठभर. मग विंचवाच्या निबंधाला संदर्भ देणार कोण? शिवाय विंचू चावतो तो अनवाणी शेतकऱ्याला, मजुराला, जमिनीवर झोपलेल्या पोराला. त्यांच्या आजारावर संशोधनाचा पैसा फारसा येत नाही. तरीही प्राझोसिनचा वापर तुर्कस्तानापर्यंत पोचला. माझ्या लेखी तो संदर्भ कुठल्याही आकड्याहून वजनदार आहे.

या कारकिर्दीतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट मात्र नंतरची आहे. विंचवाच्या विषावरची लस (म्हणजे प्रतिविष) उपलब्ध झाल्यावर लस बरी की प्राझोसिन, असा वाद डॉक्टरांत रंगला. चिपळूणकडच्या डॉ. विवेक नातू आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये लसीचा चांगला अनुभव मांडला. ज्याचं नाव प्राझोसिनशी जोडलं गेलं होतं, त्याला आपल्या गोळीची बाजू लढवत राहणं सहज जमलं असतं. बावस्कर पतिपत्नींनी महाडमध्ये रीतसर चाचणीच घेतली. सत्तर रुग्ण, चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गटांत विभागलेले. पस्तीस जणांना नुसती प्राझोसिन, पस्तीस जणांना प्राझोसिन आणि लस. दहा तासांत लसवाल्या गटातले ३२ जण सावरले, नुसत्या गोळीवरचे ८. हा निकाल २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापला. पाव शतकापूर्वी आपणच रुजवलेला उपचार अपुरा पडतो, हे त्यांनी स्वतःच्या सहीनिशी जगाला सांगितलं. निबंधांची संख्या मोजणाऱ्या कुठल्याच तक्त्यात या प्रामाणिकपणाला रकाना नाही.

२०२२ मध्ये हिंमतरावांना पद्मश्री मिळाली. ती उशिराच, असं मला वाटतं.

तालुक्याच्या दवाखान्यांत काम करणाऱ्या तरुण डॉक्टरांना एकच विनंती. दंशाची वेळ, रक्तदाब, दिलेलं औषध आणि रुग्ण किती तासांत सावरला, एवढं वहीत नीट लिहा आणि ते छापायला पाठवा.