आतड्याचा दाह आणि शौचाची तपासणी

आतड्याच्या दीर्घकालीन दाहाला डॉक्टर ‘आयबीडी’ म्हणतात. त्याचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येऊन व्रण पडतात; क्रोन्स आजार तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो. महिनोन्महिने जुलाब, पोटात कळा, शौचावाटे रक्त किंवा आव, घटते वजन ही त्यांची लक्षणे. पण जुलाब आणि पोटदुखी ‘आयबीएस’ या आतड्याच्या कार्यातील बिघाडातही असतात, आणि त्यात आतड्याला व्रण नसतात. दोन्हींतला फरक नुसत्या लक्षणांवरून ओळखणे अवघड असते. अशा प्रत्येक रुग्णाची कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, करणे खर्चिक आणि त्रासाचे ठरते. इथे शौचाची तपासणी कामी येते.

भारतात पहिली शंका जंतुसंसर्गाची घ्यावी लागते. म्हणून आधी सूक्ष्मदर्शकाखाली अमिबा, जंत, रक्तपेशी आणि पू पाहतात; गरजेप्रमाणे कल्चर करतात. नुकतीच प्रतिजैविके घेतली असतील, तर क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जिवाणूच्या विषाचीही चाचणी होते. हा टप्पा गाळून चालत नाही, कारण अमिबाच्या संसर्गाला आयबीडी समजून स्टेरॉइड दिल्यास ते जिवावर बेतू शकते.

दाहाचा अंदाज देणारी महत्त्वाची चाचणी कॅल्प्रोटेक्टिनची. अस्तराला सूज आली की न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी तिथे जमतात आणि आतड्याच्या पोकळीत उतरतात. त्यांच्यातले कॅल्प्रोटेक्टिन हे प्रथिन शौचातही टिकून राहते, त्यामुळे ते मोजता येते. नॉर्वेतील मॅग्ने फागरहोल यांनी 1980 मध्ये ते वेगळे करून दाखवले.

नमुना सोपा असतो: स्वच्छ कोरड्या डबीत थोडेसे शौच, त्यात लघवी किंवा पाणी मिसळलेले नको. प्रौढांमध्ये साधारणपणे ग्रॅममागे 50 मायक्रोग्रॅमपेक्षा कमी प्रमाण आल्यास आयबीडीची शक्यता कमी होते. 250 च्या वर गेल्यास सक्रिय दाहाचा संशय बळावतो. मधल्या आकड्यांत बहुधा काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा करतात. लहान मुलांमध्ये हे प्रमाण एरवीही जास्त असते.

आकडा वाढला म्हणजे आयबीडीच, असे नाही. जंतुसंसर्ग, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, आतड्याचा कर्करोग यांतही तो वाढतो. आतड्याचा क्षयरोग क्रोन्ससारखाच दिसतो आणि त्यातही कॅल्प्रोटेक्टिन वाढू शकते. तिथे ही चाचणी निवाडा करू शकत नाही. पक्के निदान कोलोनोस्कोपी, बायोप्सी आणि गरजेप्रमाणे स्कॅन यांवरूनच होते.

निदानानंतर उपचार लागू पडत आहेत का, हे पाहायलाही हीच चाचणी वापरतात. किटनुसार आकडे बदलतात, म्हणून ती शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करावी आणि जुने अहवाल जपून ठेवावेत. शौचावाटे रक्त जात असेल किंवा वजन घटत असेल, तर मात्र आकडा कमी आला म्हणून स्वस्थ न बसता डॉक्टरांना दाखवावे.