नदीत उतरणारा बूट

ट्राउट मासा थंड, खळाळत्या पाण्यात राहतो. त्याच्यासाठी गळ घेऊन प्रवाहात उतरणाऱ्यास निसरड्या गोट्यांवर उभे राहावे लागते. बूट जाड मोज्यांसह घालून पाहावा; तो घट्ट असल्यास रक्ताभिसरण मंदावून पाय गारठतात. घोट्याला आधारही हवाच. तळ मात्र कशाचा असावा? तंतू दाबून केलेल्या नमद्याचा तळ शेवाळावर उत्तम पकड घेतो. परंतु तो लवकर वाळत नाही आणि त्या ओलीत सूक्ष्म जीव तग धरतात. न्यूझीलंडमधील नद्यांत २००४ साली ‘डिडिमो’ हे उपद्रवी शैवाल आढळले. ते बुटांबरोबर दुसऱ्या नदीत जाऊ नये, म्हणून २००८ मध्ये तेथे मासेमारीसाठी नमद्याच्या तळांवर बंदी आली. रबरी तळ लवकर सुकतो, धुण्यासही सोपा. त्याची पकड थोडी उणी. तेवढे पाऊल जपून टाकावे लागते.