जुना सिनेमा अंधुक नव्हता

पेणला किंवा रोह्याला गणपती-दिवाळीच्या दिवसांत टीव्हीच्या दुकानात शिरलात की पहिला शब्द कानावर पडतो तो ‘फोर-के’. मोठा पडदा घरी येतो, भिंतीवर चढतो आणि घरातले वडीलधारे हौसेने ‘संत तुकाराम’ लावायला सांगतात. इंटरनेटवरून सापडेल ती प्रत सुरू होते. चेहऱ्यांवरचे भाव कळत नाहीत, कपड्यांच्या चुण्या दिसत नाहीत, आवाजात अखंड खरखर. मग कोणीतरी म्हणते, “१९३६चा सिनेमा, तेव्हा असेच दिसायचे.”

तेव्हा असे दिसत नव्हते. दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला आणि व्ही. अवधूत यांनी कॅमेऱ्यात पकडलेला हा चित्रपट पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर उतरला होता. चांगल्या पस्तीस मिलिमीटर निगेटिव्हमध्ये एचडीच्या पलीकडचा तपशील मावतो. गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्या पेणकरांना यापुढची गोष्ट सांगायला फार शब्द लागणार नाहीत. मूर्तिकाराने घडवलेल्या मूळ मूर्तीवरून साचा निघतो, साच्यातून मूर्ती निघतात. पण कोणी त्या मूर्तीवरूनच दुसरा साचा केला, त्यातल्या मूर्तीवरून तिसरा, तर बोटांच्या कडा आणि दागिन्यांची नक्षी दर वेळी थोडी बोथट होत जाते. फिल्मचेही तसेच होते. कॅमेऱ्यातली निगेटिव्ह हे मूळ. तिच्यावरून मधली पॉझिटिव्ह, तिच्यावरून दुसरी निगेटिव्ह, मग थिएटरात शेकडो खेळ फिरून ओरखडलेली प्रिंट. त्या प्रिंटवरून कधीतरी व्हिडिओ कॅसेट झाली, कॅसेटवरून व्हीसीडी, आणि व्हीसीडीवरून आज आपण पाहतो ती फाइल. आपण पाहिली ती या उतरंडीची शेवटची पायरी, आणि दोष दिला तो पहिल्या पायरीला.

व्हीसीडीच्या एका चौकटीत ३५२ गुणिले २८८, म्हणजे जेमतेम एक लाख ठिपके असतात. डीव्हीडीत सुमारे चार लाख पंधरा हजार, फुल एचडीत वीस लाखांवर, फोर-के पडद्यावर जवळजवळ ८३ लाख. एक लाख ठिपक्यांचे चित्र ८३ लाखांच्या पडद्यावर ताणले तर उरलेले ८२ लाख टीव्ही स्वतःच्या अंदाजाने भरतो. पडदा जितका मोठा, तितका हा अंदाज उघडा पडतो.

याची उलट बाजू बहुतेकांना पटत नाही, पण ती खरी आहे. १९३६चा चित्रपट अस्सल एचडीत येऊ शकतो, आणि १९९०च्या आसपासची एखादी दूरदर्शन मालिका येऊ शकत नाही. चित्रपट फिल्मवर होते; त्या काळातल्या बहुसंख्य मालिका व्हिडिओ टेपवर झाल्या. टेपवर जेवढ्या रेषा नोंदल्या गेल्या तेवढ्याच आहेत, आणखी खणून काढण्यासारखे खाली काही नाही.

“वर फोर-के लिहिले आहे, म्हणजे चांगलेच असणार.”

आकड्यावरून चौकट किती मोठी आहे एवढेच कळते. चित्र कशावरून घेतले आणि पोचवताना किती दाबले, हे त्याहून महत्त्वाचे. ब्लू-रे डिस्कवर चित्राला सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत जागा मिळते. घरच्या इंटरनेटवरून येणारे एचडी चित्र सहसा त्याच्या लहानशा भागात बसवलेले असते. म्हणून पावसाचा प्रसंग, धूर, गर्दी, अंधारी खोली आली की चित्रात चौकोन दिसू लागतात. पुन्हा, ‘रिमास्टर्ड’ हा शब्द कोणीही कशावरही छापू शकतो. विचारायचे एवढेच: स्कॅन निगेटिव्हचे की प्रिंटचे, आणि काम कोणी केले? प्रामाणिक प्रकाशनात हे सुरुवातीच्या पाटीवर किंवा डिस्कच्या वेष्टनावर सांगितलेले असते. मराठी चित्रपट ब्लू-रेवर फारच थोडे आले, म्हणून आपल्याला हा प्रश्न विचारायची सवयच लागली नाही.

“चित्रात बारीक दाणे दिसतात, म्हणजे साफ केलेले नाही.”

हा गैरसमज मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो चांगले काम करणाऱ्यांनाही वाईट काम करायला लावतो. फिल्मवरचे चित्र चांदीच्या सूक्ष्म कणांनी बनते. रंगीत फिल्ममध्ये त्यांच्या जागी रंगाचे सूक्ष्म ठिपके राहतात. ते दाणे म्हणजेच चित्र. धूळ आणि ओरखडे वरून आलेले असतात, ते काढायचे. दाणे मुळातले, ते ठेवायचे. संगणकाने दाणे पुसले की त्यांच्याबरोबर त्वचेची छिद्रे, धोतराचे विणकाम, झाडाची पाने पुसली जातात आणि नट मेणाचे दिसू लागतात. पहिल्या नजरेला असे चित्र स्वच्छ वाटते, हीच अडचण. दुकानात ग्राहक दोन मिनिटे पाहतो आणि गुळगुळीत चित्राला पसंती देतो.

जीर्णोद्धार म्हणजे संगणकाचे बटण दाबणे, हाही समज त्यातूनच आला. ‘शोले’चे उदाहरण घेऊ. त्यातली रेल्वेवरची मारामारी आपल्याच रायगड जिल्ह्यात, पनवेलजवळच्या मार्गावर चित्रित झाली होती. हा चित्रपट पस्तीस मिलिमीटरवर घेऊन सत्तर मिलिमीटरवर वाढवलेला. आज त्याची एकही सत्तर मिलिमीटर प्रिंट शिल्लक नाही आणि मूळ निगेटिव्ह बरीच खराब झालेली. शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांच्या मुंबईतील फिल्म हेरिटेज फाउंडेशनने सिप्पी फिल्म्सबरोबर काम हाती घेतले, इंग्लंडमधल्या गोदामात मधल्या पिढीची फिल्म सापडली, बोलोन्याच्या प्रयोगशाळेत जवळजवळ तीन वर्षे काम चालले, आणि जून २०२५मध्ये तिथल्याच महोत्सवात चित्रपट त्याच्या मूळ शेवटासह दाखवला गेला. अशा कामातला मोठा वाटा शोधाचा, जुळवाजुळवीचा आणि हाताने केलेल्या दुरुस्तीचा असतो. सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर दोन तासांच्या चित्रपटात १,७२,८०० चौकटी होतात. फिल्मच्या कडेची फाटलेली छिद्रे जोडायची, रीळ धुवायचे, एकेक चौकट स्कॅन करायची, मग डाग काढायचे आणि शेवटी रंग व उजेड ठरवायचा. ‘मंथन’च्या वेळी हे शेवटचे काम छायालेखक गोविंद निहलानी यांच्या देखरेखीखाली झाले. १९७६च्या त्या चित्रपटाची निगेटिव्ह पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात होती, म्हणून मे २०२४मध्ये तो कान महोत्सवात पोचू शकला. अत्र्यांचा ‘श्यामची आई’ही २०२३मध्ये गोव्याच्या इफ्फी महोत्सवात जीर्णोद्धारित रूपात दाखवला गेला.

रंग भरणे मात्र वेगळे. २००४मध्ये ‘मुघल-ए-आझम’ आणि २००७मध्ये ‘नया दौर’ रंगीत होऊन आले. ती नवी निर्मिती होती. जीर्णोद्धारात कृष्णधवल चित्रपट कृष्णधवलच राहतो.

काळ्या पट्ट्यांबद्दल थोडक्यात. जुन्या चित्रपटाची चौकट चार-तीन प्रमाणाच्या जवळपासची, आजचा पडदा सोळा-नऊचा. दोन्ही बाजूंना पट्ट्या राहणारच. त्या नकोत म्हणून रिमोटवरून चित्र पसरले तर माणसे बुटकी आणि जाड होतात. झूम केले तर वर-खाली मिळून चौथा हिस्सा कापला जातो. डोक्यावरची पगडी आणि पायातले चाळ, दोन्ही चौकटीबाहेर. अलीकडे काही वाहिन्या असे कापूनच दाखवतात, आणि प्रेक्षकाला ते कळतही नाही.

तसेच टीव्हीचे. नव्या टीव्हीत हालचाल गुळगुळीत करणारी सोय बहुधा आधीच चालू असते. दोन खऱ्या चौकटींच्या मध्ये ती खोट्या चौकटी घालते आणि चित्रपट मालिकेसारखा दिसू लागतो. सेटिंगमधल्या ‘पिक्चर’मध्ये जाऊन ती बंद करा, भडक रंगांचा ‘व्हिव्हिड’ काढून ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ लावा. याला पैसे लागत नाहीत, आणि फरक महागड्या वायरीपेक्षा कितीतरी जास्त पडतो.

“कुठेतरी मूळ प्रत असेलच.”

नसते. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट झाले असे मानतात. त्यांतले हाताळता येतील असे तीसेक उरले. ‘आलम आरा’ हा बोलपटही गेला. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची काही रिळेच आहेत, तीही राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या पी. के. नायर यांनी चिकाटीने शोधली म्हणून. १९५०च्या सुमारापर्यंतची फिल्म नायट्रेटची, ज्वालाग्राही. २००३च्या जानेवारीत पुण्यात अशाच साठ्याला आग लागली आणि ज्यांच्या प्रती आधी सुरक्षित फिल्मवर उतरवल्या होत्या तेवढेच हाती राहिले. कितीतरी निगेटिव्ह तर चांदीसाठी धुतल्या गेल्या.

नंतरची अॅसिटेट फिल्म सहज पेट घेत नाही, पण सडते. ओल आणि उष्णता मिळाली की तिच्यातून अॅसेटिक आम्ल सुटते, डब्यातून व्हिनेगरचा वास येतो, फिल्म आकसते, वाकते, आणि सुटलेले आम्ल शेजारच्या रिळांनाही बाधते. रंगीत प्रिंटमधला निळसर रंग आधी उडतो, म्हणून जुन्या प्रिंट गुलाबी दिसतात. कुंडलिकेच्या किंवा भोगावतीच्या काठी जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा कशी असते हे सांगायला नको. मुंबईतल्या गोदामांतही तीच हवा. ‘जैत रे जैत’ (१९७७) पेणच्या डोंगरपट्ट्यातल्या वाड्यांतही राहणाऱ्या ठाकर समाजाचा चित्रपट आहे. स्मिता पाटील आणि मोहन आगाशे त्यात आहेत, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन आहे, आणि असे चित्रपट चांगले दिसतील की नाही हे ठरते ते रिळांच्या डब्यांभोवती कोणी वातानुकूलन सुरू ठेवले का यावर.

घरोघरीही हा प्रश्न आहे. माळ्यावर लग्नाच्या, विसर्जनाच्या, पालखीच्या व्हिडिओ कॅसेट असतील, कोणाकडे आठ मिलिमीटरचे रीळही असेल. कॅसेट पावसाळ्याआधी खाली काढा. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर ती मशिनमध्ये घालू नका. बुरशी मशिनला लागते आणि पुढच्या कॅसेटवर जाते. जाणकाराकडून साफ करून संगणकावर उतरवून घ्या, दाबलेल्या छोट्या फाइलबरोबर मोठी मूळ फाइलही मागा आणि ती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. रिळाला व्हिनेगरचा वास येत असेल तर ते बाकीच्यांपासून वेगळे, कोरड्या आणि गार जागी ठेवा. आणि एकदा उतरवून झाले म्हणून रीळ भंगारात देऊ नका. दहा वर्षांनी आणखी चांगला स्कॅनर आला, तर त्यात घालायला रीळच लागेल.