प्रोग्रामचें बिऱ्हाड



संगणकावरील कांहीं प्रोग्राम पडद्यावर चित्रें आणि बटणें मांडून बसतात. कांहींना त्याची गरज नसते. त्यांचें नांव आणि त्यापुढें दोनचार शब्द टंकून दिले, कीं ते काम करतात, उत्तर देतात आणि बाजूला होतात. या दुसऱ्या तऱ्हेचे प्रोग्राम लिहिण्यासाठीं पायथन ही भाषा पुष्कळ लोक वापरतात. हॉलंडचे गिदो व्हान रॉसम यांनीं ती १९९१ सालीं प्रसिद्ध केली. ती शिकणें सोपें आहे, आणि तींत लिहिलेला प्रोग्राम स्वतःच्या संगणकावर चालविणेंही सोपें आहे. अडचण पुढें येते. तोच प्रोग्राम दुसऱ्याच्या संगणकावर बसवावयाचा, तर त्याचे निरनिराळे भाग कोठें ठेवावयाचे, आणि ठेवलेले भाग त्याला पुन्हां सांपडावयाचे कसे? आजच्या भाषणाचा विषय एवढाच आहे.

समजा, पुण्याच्या एका विद्यार्थ्यानें रोजच्या पावसाची नोंद ठेवणारा लहानसा प्रोग्राम लिहिला, आणि जालना जिल्ह्यांतील धावडा या गांवच्या एका गुरुजींनीं तो शाळेच्या पर्जन्यमापकाचे आंकडे नोंदविण्यासाठीं मागवून घेतला. या प्रोग्रामजवळ चार प्रकारचें सामान आहे. पहिलें, 'पाऊस' ही आज्ञा, म्हणजे ज्या नांवानें त्याला हांक मारावयाची तें नांव. दुसरें, पायथनमध्यें लिहिलेला मूळ मजकूर. तिसरें, बरोबर आलेली, केवळ वाचावयाची फाईल. उदाहरणार्थ, तालुक्यांची यादी. चौथें, गुरुजी स्वतः भरतील ती नोंदवही. पुण्यास हें सर्व सामान एकाच फोल्डरमध्यें होतें. धावड्यास तें एकत्र राहणार नाहीं, आणि राहूंही नये. साऱ्या गोंधळाचें मूळ येथें आहे.

नवशिका लेखक यादीच्या फाईलीचा पत्ता बहुधा दोहोंपैकीं एका रीतीनें लिहितो. एक रीत म्हणजे मुळापासूनचा संपूर्ण पत्ता. त्यांत त्या विद्यार्थ्याच्या फोल्डरचें नांवही येतें. तें फोल्डर धावड्याच्या संगणकावर असण्याचें कांहींच कारण नाहीं. दुसरी रीत म्हणजे 'येथून शेजारच्या फोल्डरमध्यें पाहा' असा अर्धा पत्ता. हा अधिक फसवा आहे. कारण 'येथून' याचा अर्थ प्रोग्राम जेथें आहे तेथून असा होत नाहीं. आज्ञा देणारा मनुष्य त्या वेळीं ज्या फोल्डरमध्यें आहे, तेथून असा होतो. मग तोच प्रोग्राम सकाळीं चालतो, संध्याकाळीं चालत नाहीं. आणि गुरुजींना वाटतें कीं, आपलेंच कांहीं चुकलें.

पायथनच्या कर्त्यांनीं या प्रश्नाकडे दुर्लक्ष केलें असें नाहीं. २००० सालच्या आवृत्तींत 'डिस्ट्युटिल्स' नांवाचें साधन भाषेबरोबर आलें. त्यांत इतर फाईली ठेवण्याची जी सोय होती, ती पायथन ज्या मूळ फोल्डरमध्यें बसविलेलें असे, त्याच्या आधारानें पत्ता ठरवी. मूळ एकच असेल तोंवर हें ठीक होतें. पण २००८ सालच्या पायथन २.६ मध्यें प्रत्येक वापरणाऱ्यास आपापल्या घरच्या फोल्डरांत पॅकेज बसविण्याची मुभा मिळाली. २०१२ सालच्या ३.३ आवृत्तींत प्रत्येक कामासाठीं वेगळी, बंदिस्त खोली करण्याची सोय आली. तिला 'व्हेन्व' म्हणतात. २०२३ सालच्या डेबियन १२ मध्यें तर संगणकाच्या स्वतःच्या पायथनमध्यें 'पिप'नें बाहेरचें पॅकेज बसविण्यास सरळ नकार मिळूं लागला. कारण त्या पायथनवर संगणकाचीं स्वतःचीं कामें अवलंबून असतात. त्याच वर्षीं ३.१२ आवृत्तींतून डिस्ट्युटिल्सही काढून टाकण्यांत आलें. सारांश, बसविण्याची जागा एक राहिली नाहीं.

यांतून जो नियम निघाला तो असा : पॅकेज बांधणाऱ्यानें जागा ठरवूं नये, कोणतें सामान कोणत्या प्रकारचें आहे तेवढें सांगावें. जागा ठरविण्याचें काम बसविणाऱ्या साधनाचें, म्हणजे पिपचें. हल्लीं पॅकेज ज्या पेटींतून जातें, तिला 'व्हील' म्हणतात. तिच्यांत मूळ मजकूर, आज्ञा, इतर फाईली असे प्रकार नोंदलेले असतात. मुळापासूनचा पत्ता एकही नसतो. धावड्यास पेटी उघडली, म्हणजे पिप तेथल्या पायथनला विचारतें, 'तुझ्याकडे या प्रकाराची जागा कोणती?' आणि त्याप्रमाणें सामान लावतें.

आतां आपलें चार प्रकारचें सामान क्रमानें पाहूं.

आज्ञेसाठीं पॅकेजच्या 'पायप्रोजेक्ट टॉमल' या फाईलींत एक ओळ लिहावी : 'पाऊस' म्हटलें कीं अमुक मजकुरांतील अमुक कार्य सुरू करावें. त्यावरून पिप एक छोटी फाईल तयार करून 'बिन' फोल्डरमध्यें ठेवतें. विंडोजवर त्या फोल्डरचें नांव 'स्क्रिप्ट्स' असतें. लिनक्सवर या फाईलीच्या आरंभींच कोणत्या पायथननें ती चालवावयाची, त्याचा पूर्ण पत्ता असतो. म्हणून तयार झालेली व्हेन्वची खोली उचलून दुसरीकडे ठेवूं नये. आंतील आज्ञा जुन्याच पत्त्यावर पायथन शोधीत राहतात. शिवाय संगणक आज्ञा सर्वत्र शोधीत नाहीं. 'पाथ' नांवाच्या यादींत जीं फोल्डरें असतील तींच तो पाहतो. प्रोग्राम नीट बसूनही 'अशी आज्ञा सांपडली नाहीं' असें उत्तर येतें, तें पुष्कळदां यामुळेंच. 'पिपएक्स' हें साधन प्रत्येक प्रोग्रामला वेगळी खोली देतें, सर्वांच्या आज्ञा एकाच फोल्डरमध्यें आणतें, आणि सांगितल्यास तें फोल्डर पाथमध्येंही घालतें.

मूळ मजकुराची जागा पिप आपणच पाहतें. तालुक्यांची यादी मजकुराच्याच पॅकेजांत ठेवावी, पेटींत ती गेली आहे याची खात्री करावी, आणि वाचतांना पत्ता न लिहितां पायथनलाच विचारावें. त्यासाठीं २०१८ सालच्या ३.७ आवृत्तीपासून 'इम्पोर्टलिब रिसोर्सेस' हा भाग भाषेंतच आहे.

राहिली नोंदवही, आणि खरें नुकसान येथें होतें. ती मजकुराच्या शेजारीं ठेवली आणि तें फोल्डर सर्वांच्या वापराचें असलें, तर गुरुजींना तेथें लिहिण्याचा अधिकारच नसतो. प्रोग्राम पहिल्याच दिवशीं अडतो. पण अधिकार असला तर अधिक वाईट. पॅकेजबरोबर आलेल्या कोऱ्या वहींतच आंकडे भरले गेले, तर नवी आवृत्ती बसवितांना पिप जुन्या आवृत्तीच्या फाईली काढून टाकतें, त्यांत ती वहीही जाते, आणि तिच्या जागीं पुन्हां कोरी वही येते. जून ते सप्टेंबरचा पाऊस एका आज्ञेसरशीं पुसला जातो, तोही प्रोग्राम सुधारण्याच्या हेतूनें. म्हणून वापरणाऱ्याचें लिखाण वापरणाऱ्याच्याच घरीं ठेवावें : लिनक्सवर 'लोकल शेअर', विंडोजवर 'ॲपडेटा', मॅकवर 'ॲप्लिकेशन सपोर्ट' या नांवांचीं फोल्डरें त्यासाठींच आहेत. यांपैकीं योग्य तें शोधून देणारें 'प्लॅटफॉर्मडिर्स' हें तयार पॅकेजही मिळतें.

याचें आपल्याकडील उदाहरण म्हणजे 'मायावी'. शास्त्रीय आंकड्यांचीं त्रिमित चित्रें काढणारा हा पायथनमधील प्रोग्राम मुंबईस पवई येथील आय. आय. टी.चे प्राध्यापक प्रभु रामचंद्रन यांनीं सुरू केला. 'मायावी-दोन' ही आज्ञा टंकली, कीं तो उघडतो. त्याला लागणाऱ्या तयार फाईली त्याच्या पॅकेजांबरोबर येतात; मात्र वापरणाऱ्यानें स्वतःच्या सोयीसाठीं लिहिलेली फाईल त्याच्या घरच्या फोल्डरांतील वेगळ्या कप्प्यांत राहते.

शेवटीं परीक्षा. प्रोग्राम लिहिला त्या फोल्डरमध्यें तो चालला, याला अर्थ नाहीं. पेटी बांधावी, नवी रिकामी खोली करून तींत ती बसवावी, अगदीं वेगळ्याच फोल्डरमध्यें जावें आणि तेथून आज्ञा द्यावी. एखादी नोंद करावी, पेटी पुन्हां बांधून दुसऱ्यांदा बसवावी, आणि नोंद शिल्लक आहे का तें पाहावें. या परीक्षेला दहा मिनिटें पुरतात. पुण्याच्या विद्यार्थ्यानें तीं खर्च केलीं नाहींत, तर धावड्याच्या गुरुजींचे चार महिने जातात.