आधी तिथी, मग तिकीट

पुण्याहून लेकाचा फोन येतो, "आई, या महिन्यात मुलांना अलिबागचा किल्ला दाखवू." मी आधी पंचांग उघडते. सूनबाईला वाटतं सासूबाई मुहूर्त बघताहेत. पण शाळेत भूगोल शिकवण्यात माझी हयात गेली. कुलाबा किल्ल्याला जायचं तर भरती-ओहोटी बघूनच जायचं, हे पेण-अलिबागकडच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. अलिबागच्या किनाऱ्यासमोर, खडकावर उभा असलेला हा किल्ला दिवसातून दोनदा पाण्याने वेढला जातो आणि दोनदा त्याची वाट मोकळी होते. ती मोकळी सापडली, तर समुद्राच्या तळावरून चालत किल्ल्यात जाता येतं. मुलांसाठी अर्धी मजा तिथेच.

आमच्या किनाऱ्यावरचं एक जुनं गणित आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. पक्ष शुक्ल असो की वद्य, हिशेब तोच. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार. दुपारी पावणेचारला भरती, म्हणजे त्याआधी सहा तास, सकाळी पावणेदहा-दहाला ओहोटीचं टोक. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा डोक्यावर येतो, तशी भरतीही रोज मागे सरकते. पाऊण तास धरला की हिशेब तोंडी होतो. नातवाने मोबाईलवरचा भरतीचा तक्ता काढून आजीचं गणित तपासलं. थोड्या मिनिटांचा फरक निघाला, तेवढा मी मान्य केला.

पण नुसती वेळ काढून भागत नाही. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्राची ओढ एका रेषेत येते, तेव्हा उधाण. पाणी वर खूप चढतं आणि खालीही खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती. तेव्हा ओहोटी लागूनही वाटेत पाणी राहू शकतं. ऐन पौर्णिमेला पाणी लांब हटतं खरं, पण ओहोटीचं टोक येतं पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला. लहान मुलांना घेऊन त्या वेळी कोण जाणार? म्हणून मी तृतीया ते पंचमी धरते. उधाणाचा जोर अजून असतो आणि ओहोटी सकाळी साडेआठ ते दहाच्या दरम्यान मिळते. ओहोटीच्या टोकाआधी तासभर चालायला लागायचं, आणि पाणी फिरलं की किल्ल्यात रेंगाळायचं नाही. किनाऱ्यावरचे लोक "आता जाऊ नका" म्हणाले, तर वाद न घालता ऐकायचं. पावसाळ्यात तर हा बेतच करू नये.

वाट ओल्या वाळूची आणि मधूनमधून खडकाची आहे. चपला घसरतात, पट्ट्याचे सँडल बरे. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांच्यासाठी घोडागाड्या असतात. मी जाताना चालते आणि येताना गाडीत बसते. नात मात्र दर चार पावलांवर खेकडा बघायला बसते, त्यासाठी वेळ हाताशी ठेवावा.

किल्ला बांधायचा हुकूम शिवाजी महाराजांचा. काम १६८० च्या मार्चमध्ये सुरू झालं, एप्रिलमध्ये महाराज गेले, आणि संभाजी महाराजांनी १६८१ मध्ये ते पुरं केलं. लांबी दक्षिणोत्तर साधारण ९०० फूट, रुंदी ३५० फूट, सतरा बुरूज. मुलं दमायच्या आत फेरी पुरी होते. उत्तरेला सर्जेकोट नावाचा छोटा जोडकिल्ला आहे. अलिबागकडे तोंड करून असलेल्या महादरवाजावर हत्ती, वाघ, मोर कोरलेले आहेत. ते शोधायला लावलं की मुलं आपणहून मान वर करून बघतात.

मोठ्यांनी बघावी ती तटबंदी. प्रचंड दगड एकावर एक बसवलेत आणि सांध्यात चुना नाही. लाट आपटली की पाणी दगडांच्या फटींत शिरतं, तिथे तिचा जोर मोडतो आणि पाणी तसंच मागे ओघळतं. नातवाला मी फटीत बोट घालायला सांगितलं. भिंतीला भोकं असूनही ती तीनशे वर्षं कशी टिकली, असं त्याने विचारलं. भोकं आहेत म्हणून टिकली, हे उत्तर त्याला पटायला एक लाट यावी लागली.

१७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांशी झालेल्या तहानंतर किल्ला कान्होजी आंग्र्यांकडे आला आणि आंग्र्यांच्या आरमाराचं हे मुख्य ठाणं झालं. १७२१ च्या अखेरीला इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले. बाजीराव पेशव्यांची फौज कान्होजींच्या मदतीला आली, पोर्तुगीजांनी वेगळा तह करून टाकला आणि इंग्रजांना हात हलवत परतावं लागलं. तटावर उभं राहून किनाऱ्याकडे बघितलं की हल्ला करणाऱ्याची अडचण कळते. जमिनीवरून यावं तर वाट काही तासच मोकळी, जहाजाने यावं तर भोवती खडक.

आत गोड्या पाण्याची विहीर आहे, पुष्करणी आहे, पद्मावतीचं देऊळ आणि एक दर्गाही आहे. सिद्धिविनायकाचं देऊळ राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलं. हे गणेश पंचायतन. गणपतीबरोबर शिव, विष्णू, सूर्य आणि देवी. गाभाऱ्यासमोरची फरशी पायांना गार लागते, नैवेद्याचे लाडू इथेच संपतात.

उत्तरेच्या तटावर चाकाच्या गाड्यावर दोन तोफा आहेत. सगळे तिथे फोटो काढतात. मी मुलांना एक वजाबाकी घालते. तोफेवर साल आहे १८४९, आणि यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचं नाव. कान्होजी वारले १७२९ मध्ये. मग या तोफांनी ते लढले का? नातवाने डोकं खाजवून १२० काढले. पुढचं मी सांगितलं. १८४० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने आंग्र्यांचं संस्थान खालसा केलं होतं, या तोफा त्यानंतरच्या.

किल्ला पुरातत्त्व खात्याकडे आहे. मोठ्यांना तिकीट लागतं, पंधरा वर्षांखालच्या मुलांना नाही. जेवणपाणी बरोबर न्यायचं, कचरा बरोबर आणायचा. परतल्यावर गावात कान्होजींची समाधी बघावी. त्यांनीच बांधलेला हिराकोट बाहेरूनच बघायला मिळतो, कारण आत तुरुंग आहे. मुंबईकरांना गेटवेहून लाँचने मांडवा आणि तिथून बसने अलिबाग हा रस्ता सोयीचा. गाडी न्यायची तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात. हंगाम असेल तर पांढऱ्या कांद्याची माळ घेतल्याशिवाय मी कुणाला सोडत नाही.

२०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे समुद्रातले आणि समुद्राकाठचे किल्ले आहेत, कुलाबा नाही. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. ते किल्ले मुलं मोठी झाली की बघतीलच. पण पहिला जलदुर्ग कुठला दाखवावा असं मला विचाराल, तर मी कुलाबाच सांगेन, कारण इथे समुद्र किल्ल्याचं रक्षण कसं करतो हे मुलांना स्वतःच्या पायांनी कळतं.