अनोळखी लहान साप : फुरसे, मण्यार आणि त्यांच्यासारखे दिसणारे साप

कोकणातील जांभ्याच्या सड्यावर गवत कापताना, गडग्याचा ढासळलेला दगड उचलताना किंवा काजूच्या बागेतील पालापाचोळा गोळा करताना दीड-दोन वीत लांबीचा मातकट साप दृष्टीस पडणे ही नवलाची गोष्ट नव्हे. मोठा नाग किंवा धामण दिसली तर मनुष्य आपोआप मागे सरतो. लहान साप दिसला की मात्र ते कोणाचे तरी पिल्लू असावे, त्यास विष ते किती असणार, असा समज करून घेतला जातो. मग त्यास काठीने उलथून पाहिले जाते, कधी विळ्याच्या टोकाने बाजूस सारले जाते. पुष्कळ दंश याच वेळी होतात.

हा समज दोन प्रकारे चुकीचा आहे. पहिली गोष्ट अशी की, लहान साप हा पिल्लू असेलच असे नाही. फुरसे पूर्ण वाढले तरी बहुधा एक ते दीड फुटाचेच राहते, आणि नाग, मण्यार व घोणस यांच्या बरोबरीने देशातील चार प्रमुख विषारी सापांत त्याची गणना होते. दुसरी गोष्ट, विषारी सापाचे पिल्लू जन्मतःच विषारी असते. फुरसे अंडी न घालता पिल्ले प्रसवते. ही पिल्ले वीतभरही नसतात, तथापि त्यांस विषदंत असतात व ती चावा घेऊ शकतात.

फुरशाचा रंग तपकिरी, विटकरी किंवा राखाडी असून तो जांभ्याच्या मातीशी इतका मिळून जातो की, ते हालल्याशिवाय पुष्कळदा दिसतच नाही. अंग आखूड व जाडसर असते आणि खवले खरखरीत, मध्ये कणा असलेले असतात. त्यामुळे त्यास चकाकी नसते. पाठीवर फिकट ठिपक्यांची रांग व दोन्ही कुशींवर पांढुरकी नागमोडी रेषा असते. डोक्यावर बाणासारखी किंवा पक्ष्याच्या पावलासारखी फिकट खूण असते. परंतु या सर्वांपेक्षा खात्रीची ओळख त्याच्या वागण्यात आहे. डिवचले असता फुरसे पळण्याऐवजी अंगाची वेटोळी करून मध्ये डोके ठेवते व वेटोळी एकमेकांवर घासते. कुशीवरील करवतीसारखे खवले घासले जाऊन खरखर असा आवाज निघतो. हा आवाज तोंडातून येत नाही. तो कानी पडताच हात तेथेच आखडता घ्यावा. कारण त्यानंतरची झेप अतिशय वेगवान असते. दिवसा ते दगडाखाली, भेगांत किंवा झुडपाच्या बुंध्याशी पडून असते आणि रात्री विंचू, गोम, बेडूक, सरडे यांच्या शोधात बाहेर पडते. पावसाळ्यात ते खुरट्या झुडपांवरही चढलेले आढळते. यास्तव गवत कापताना केवळ पायांकडे लक्ष देऊन भागत नाही.

फुरशाचा भास करून देणारा साप म्हणजे मांजऱ्या. तोही तपकिरी, पाठीवर नक्षी असलेला व निशाचर आहे. डिवचल्यास तोही वेटोळे करून डोके उचलतो व शेपटी थरथरवतो. मात्र त्याचे अंग सडपातळ व गुळगुळीत असते, मान डोक्याच्या मानाने फारच बारीक असते, डोळे मोठे असतात आणि तो फुरशाहून बराच लांब वाढतो. त्याचे विष सौम्य असून मनुष्यास त्यापासून प्राणभय नसते.

विषारी सापाचे डोके त्रिकोणी व बाहुली उभी असते, असा एक सोपा नियम गावोगाव सांगितला जातो. हा नियम कितपत उपयोगी आहे ते मांजऱ्यावरूनच दिसून येते. त्याच्या ठिकाणी दोन्ही खुणा आहेत. उलट, मण्यार अतिशय जहाल विषाची असूनही तिचे डोके मानेहून फारसे वेगळे दिसत नाही व काळ्याभोर डोळ्यात बाहुली ओळखूही येत नाही. हा नियम विसरलेलाच बरा.

मण्यारीच्या बाबतीत गफलत होते ती कवड्या सापामुळे. कवड्या पालींच्या शोधात घरात शिरतो, भिंतीवर चढतो आणि निरुपद्रवी आहे. त्याचा रंग तपकिरी असून पिवळसर पांढरे पट्टे मानेपासून सुरू होतात व शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यार काळी-निळसर व चकचकीत असते. तिचे बारीक पांढरे पट्टे बहुधा जोडीजोडीने असतात, मानेजवळ ते अस्पष्ट असतात आणि शेपटीकडे ठळक होतात. तिच्या पाठीच्या मध्यावरून मोठ्या षट्कोनी खवल्यांची एक रांग जाते. असे असले तरी मण्यारीच्या पिल्लांत पट्टे पुढील भागावरही दिसतात, आणि कवड्याची एक जात काळ्या रंगाची आहे. म्हणून काळ्या अंगावर पांढरे पट्टे असलेला लहान साप दिसल्यास तो मण्यारच आहे असे धरून चालावे. कवड्याला मण्यार समजल्याने कोणाचे नुकसान होत नाही. मण्यारीला कवड्या समजल्याने माणूस दगावतो.

कुंडीत किंवा शेणखतात सापडणारा, गांडुळासारखा दिसणारा चकचकीत वाळा हाही सापच आहे. त्याच्या अंगावर गांडुळासारखी वळी नसतात. तो मुंग्या-वाळवीची अंडी खातो व पूर्णपणे निर्विष आहे.

अनोळखी साप चार-पाच हात दुरूनच पाहावा. भ्रमणध्वनीवर दुरून छायाचित्र घेता आल्यास जाणकारास दाखविण्यास ते उपयोगी पडते. मेलेला सापही हाती घेऊ नये. तुटलेले डोके काही काळ चावू शकते. साप मारून प्रश्न सुटत नाही, हे कोकणास अनुभवाने ठाऊक आहे. १९ व्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यात मारून आणलेल्या फुरशांबद्दल सरकार बक्षीस देत असे. लोकांनी फुरशी ढिगांनी आणली, तरी सड्यावरून फुरसे हटले नाही. आता १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापांस संरक्षणही आहे.

दंश झाल्यावर मात्र साप ओळखण्यात वेळ दवडू नये. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच संयुक्त प्रतिविष दिले जाते; त्यामुळे साप सापडला नाही म्हणून उपचार अडत नाहीत. जखम कापणे, चोखणे किंवा आवळून दोरी बांधणे हे सर्व घातक आहे. अंगठी, बांगड्या, जोडवी काढावीत, दंश झालेला अवयव हलू न देता रुग्णास प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. जवळच्या कोणत्या रुग्णालयात प्रतिविष आहे, याची चौकशी गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वीच करून ठेवावी.

मण्यारीच्या दंशास पुष्कळदा सूज वा वेदना नसते. जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पोटात पहाटे दुखू लागते, पापण्या मिटू लागतात. अशा वेळी अपचन समजून थांबू नये. फुरशाच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाऊ लागते. हे कधी काही तासांनी सुरू होते. रुग्णालयात यासाठी साधी परीक्षा करतात : थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटे न हलविता ठेवतात आणि नळी तिरपी करून ते गोठले की नाही ते पाहतात. ही परीक्षा पुन्हा पुन्हा करावी लागते. म्हणून पहिल्या तासाभरात बरे वाटले तरी रुग्णास घरी परत आणू नये. लहान मुलासही प्रतिविषाची मात्रा मोठ्या माणसाइतकीच लागते, कारण सापाने सोडलेले विष मुलासाठी कमी नसते. मूल लहान म्हणून औषध कमी द्यावे, असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये.